सनरूफ काढताना

ऐंशीच्या दशकातल्या पोर्शे ९११चं पुढचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला चिकटवलेला एक लहानसा कागद दिसतो. त्यावर बहुतेक आकडेच असतात. गाडीचा रंग कोणता, आतलं कापड कोणतं, गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून कोणत्या सोयी मागवल्या, हे सगळं त्या आकड्यांत सांगितलेलं असतं. त्यात ६५० हा आकडा असेल, तर त्या गाडीचं छप्पर पहिल्यापासूनच वेगळं घडलेलं आहे. तिच्या पत्र्यात मोठं आयताकृती भोक आहे, भोकाखाली पोलादी चौकट आहे आणि चौकटीत विजेवर सरकणारं झाकण आहे. म्हणजे सनरूफ.

आज अशा गाड्यांचे काही मालक हे सनरूफ काढून छप्पर पुन्हा अखंड करून घेतात. अमेरिकेत अखंड छपराच्या ९११ला ‘स्लिकटॉप’ म्हणतात आणि शर्यतीची आवड असलेल्यांत तिला विशेष मागणी असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, भोक आहे, त्यावर पत्र्याचा तुकडा बसवायचा, वेल्डिंग करायचं, रंग मारायचा आणि झालं. प्रत्यक्षात भोक बुजवणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. छप्पर ही चारही कडांनी धरलेली, किंचित फुगीर, एकसंध ताणाची पातळ पोलादी कातडी असते. तिच्यातून सनरूफ काढायचं म्हणजे ती कातडी नव्याने घडवायची.

मुळात स्पोर्ट्स कारला सनरूफ आलंच कसं? ९११चं पहिलं दर्शन सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात झालं. तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजोने हक्क सांगितला आणि १९६४मध्ये विक्रीला येताना ती ९११ झाली. फेर्डिनांड आलेक्झांडर पोर्शे यांनी आखलेल्या या गाडीचं सहा सिलिंडरचं, दोन लिटरचं, १३० अश्वशक्तीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होतं आणि ते हवेवर थंड व्हायचं. रेडिएटर नव्हता, पाणी नव्हतं. केबिन उबदार करायला एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापलेली हवा आत घेतली जायची. थंड देशात ही व्यवस्था चालून जायची, पण उन्हाळ्यात केबिन गार ठेवणं अवघड व्हायचं आणि त्या काळच्या ९११चं एअर कंडिशनिंग कधीच जोरदार नव्हतं. छपरातून गरम हवा बाहेर जाऊ देणारं सनरूफ म्हणूनच फार उपयोगाचं ठरलं. अमेरिकेत गेलेल्या १९७८ ते १९८३च्या ‘एससी’ आणि १९८४ ते १९८९च्या ‘कॅरेरा ३.२’ या मॉडेलांत सनरूफवाल्या गाड्या भरपूर सापडतात, त्याचं हे एक साधं कारण आहे.

त्याच कारखान्यात उलटा विचारही चालू होता. ऑक्टोबर १९७२मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली ‘कॅरेरा आरएस २.७’ शर्यतीच्या नियमांसाठी बनवली होती. ५०० गाड्या विकणं भाग होतं, बनल्या मात्र १,५८०. तिच्या ‘स्पोर्ट’ आवृत्तीत पत्रा नेहमीपेक्षा पातळ होता, काचा पातळ होत्या, मागच्या सीट नव्हत्या आणि गालिचेही नव्हते. वजन ९६० किलो भरायचं. तिचीच ‘टूरिंग’ आवृत्ती १,०७५ किलोची होती. टूरिंगपैकी काही गाड्यांना सनरूफही बसवलेलं होतं. पुढे १९८७मध्ये ‘क्लब स्पोर्ट’ आली तेव्हाही तोच विचार होता. वजन वाढवणाऱ्या सोयी वगळून बनवलेल्या या गाड्या जेमतेम ३४० निघाल्या. आज कोणी आपल्या कॅरेरा ३.२चं सनरूफ काढतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांसमोर आरएस किंवा क्लब स्पोर्ट असते.

आता सनरूफच्या आत डोकावू. ९११चं सनरूफ काचेचं नाही, ते पोलादी पत्र्याचंच झाकण आहे. बटण दाबलं की झाकणाची मागची कड आधी खाली उतरते आणि मग ते मागच्या छपराखाली सरकतं. पुढच्या कडेला वारा अडवणारी पट्टी वर येते. मोटर छपराच्या मागच्या टोकाला, आतल्या अस्तराच्या वर लपवलेली असते. तिथवर पोचता यावं म्हणून अस्तराला चेन शिवलेली असते. मोटरच्या दातेरी चाकातून दोन ताठ तारा दोन्ही बाजूंना जातात. या तारांवर स्क्रूसारखे पीळ असतात. चाक फिरलं की दोन्ही तारा सारख्याच अंतराने पुढे-मागे ढकलल्या जातात. एक तार घासून दात सोडू लागली की झाकण तिरकं होतं आणि अडकून बसतं.

पाण्याचं गणित मात्र बहुतेकांना उलट वाटतं. सनरूफ पाणी पूर्णपणे अडवत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. झाकणाच्या कडेची पट्टी बरंचसं पाणी बाहेर ठेवते. आत शिरेल ते भोकाभोवतीच्या पन्हाळीत पडतं आणि पन्हाळीच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्यांमधून खाली जातं. पुढच्या नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या मागच्या खांबांतून. या नळ्या धूळ, पाचोळा आणि जुन्या रबराच्या भुग्याने तुंबल्या की पन्हाळ भरते. मग पाणी अस्तरावर तरी येतं, नाहीतर खांबाच्या पोटात साचून राहतं. दुसरा प्रकार अधिक घातक. अस्तरावर डाग पडला की मालक जागा होतो, खांबातलं पाणी मात्र वर्षानुवर्षं आतून पत्रा खात राहतं. १९७६च्या मॉडेलपासून पोर्शेने जस्ताचा थर दिलेला पोलादी पत्रा वापरायला सुरुवात केली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या गंजाला बऱ्याच पुरून उरल्या. त्याआधीच्या गाड्यांचं नशीब असं नाही.

म्हणून सनरूफ काढण्याच्या विचारात असलेल्याने पहिलं काम करावं ते नळ्या साफ करण्याचं. पन्हाळीत कपभर पाणी ओतावं आणि ते गाडीखाली कुठे पडतं ते पाहावं. पाणी पडतच नसेल तर आतून नायलॉनची लवचीक तार घालून नळी मोकळी करावी. हवेचा जोराचा झोत मारू नये, जुनी नळी खांबाच्या आतच निसटते आणि मग खरी पंचाईत होते. माझं मत स्पष्ट आहे: केवळ गळतीला कंटाळून छप्पर कापणं म्हणजे धडधाकट गाडीवर नको ती शस्त्रक्रिया करणं. नळ्या, रबर आणि तारा बदलता येतात. कापलेलं मूळ छप्पर पुन्हा येत नाही.

मग कापावं कोणी? ज्याला गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची आहे त्याने, आणि ज्याच्या सनरूफची चौकटच गंजून गेली आहे त्याने.

ट्रॅकवाल्याचं पहिलं कारण डोक्याशी येतं. झाकण छपराखाली सरकतं, म्हणजे छप्पर दुहेरी होतं आणि आतली उंची कमी होते. हेल्मेट घातलेल्या उंच चालकाला ती कमी झालेली उंची लगेच जाणवते. अपघातात जीव वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा असेल, तर जागा आणखी आखडते.

दुसरं कारण वजनाचं. इथे किलोंपेक्षा ते किलो कुठे आहेत हे महत्त्वाचं ठरतं. समजा, गाडीचं वजन १,२०० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे. छपरातून, म्हणजे सुमारे १२५ सेंटिमीटर उंचीवरून, नव्या पत्र्याचं वजन धरूनही निव्वळ १० किलो कमी केले. गुरुत्वमध्य जवळपास ६ मिलिमीटरने खाली येतो. तेच १० किलो ३० सेंटिमीटर उंचीवरच्या तळातून काढले, तर गाडी हलकी होते खरी, पण गुरुत्वमध्य पावणेदोन मिलिमीटरने वर जातो, कारण काढलेलं वजन त्याच्या खाली होतं. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार गाडीचं वजन आणि गुरुत्वमध्याची उंची या दोन्हींवर ठरतो. छपरातल्या १० किलोंनी तो सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. रस्त्यावर हे कोणाला कळणार नाही. ट्रॅकवर मात्र सगळी बचत अशा दोन-दोन टक्क्यांनीच साठत जाते.

कापायचं ठरलं की पद्धतीचा प्रश्न येतो. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे झाकण बंद करून त्याच्या कडांना वेल्डिंग करणं, किंवा भोकाच्या मापाचा पत्रा कापून तो जोडणं. बरेच जण तिथेच फसतात, आणि ते का फसतात हे समजून घ्यायला पोलादाचा स्वभाव पाहावा लागतो.

पोलाद तापलं की पसरतं. एक मीटर लांबीच्या पट्टीचं तापमान एका अंशाने वाढलं, तर ती साधारण ०.०१२ मिलिमीटरने लांबते. हे क्षुल्लक वाटतं. पण भोकाची ५० सेंटिमीटरची कड वेल्डिंगच्या आगीत ६०० अंशांनी तापली, तर तिला साडेतीन मिलिमीटरहून जास्त पसरायचं असतं. आजूबाजूचा पत्रा थंड असतो आणि तो तिला पसरू देत नाही. एवढ्या तापमानाला पोलादाची ताकद निम्म्याहून खाली आलेली असते. त्यामुळे तापलेली कड पसरण्याऐवजी जागच्या जागी चेपली जाते, किंचित जाड होते. वेल्डिंग थांबलं की ती थंड होऊन आकसू लागते. पण आता ती चेपलेल्या अवस्थेतून आकसते, म्हणून शेवटी मूळ मापापेक्षा आखूड होऊन बसते. भोकाच्या चारही बाजूंनी असंच होतं. जोडाचा संपूर्ण वळसा आखूड होतो, मधला पत्रा मात्र पूर्वीइतकाच राहतो. त्या जास्तीच्या पत्र्याला जायला जागा उरत नाही, मग तो एक तर फुगतो नाहीतर खचतो. हाताने दाबलं की टप्प आवाज करून आत जातो, सोडलं की बाहेर येतो.

बोनेटच्या किंवा चाकावरच्या पत्र्याला भरपूर वळण असतं, ते अशा ताणाला तोंड देतं. छपराचा पत्रा जवळपास सपाट. त्याच्यात लपायला जागाच नाही. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा खड्डाही रंग मारल्यावर उन्हात स्पष्ट दिसतो.

मग त्यावर पुटी चढते. पुटीचं पसरणं-आकसणं पोलादापेक्षा खूप वेगळं. गडद रंगाचं छप्पर उन्हात चांगलंच भाजून निघतं आणि रात्री गार होतं. काही महिने हे चालू राहिलं की रंगाखालून जुन्या सनरूफची चौकोनी रेषा हळूहळू वर येते. विकत घेताना अखंड छपराची ९११ तपासायची असेल, तर सकाळच्या तिरप्या उन्हात छपरावर नजर फिरवावी आणि मग अस्तराच्या आतून पाहावं. छपरावरून हातही फिरवावा, हात अनेकदा डोळ्यांपेक्षा लवकर सांगतो.

याचा अर्थ तुकडा जोडून चांगलं काम होतच नाही असं नाही. होतं, पण त्याला कसबी माणूस लागतो आणि वेळ लागतो. तुकडा कडेला कड बरोबर भिडेल असा, केसाइतकी फट ठेवून कापायचा. एक पत्रा दुसऱ्यावर चढवायचा नाही, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं. शक्यतो आर्गन वेल्डिंग वापरायचं, कारण त्याचा जोड मऊ असतो आणि पुढे ठोकता येतो. लहान लहान टाके मारायचे, एक इथे तर दुसरा पार समोरच्या बाजूला, आणि प्रत्येक टाक्यानंतर पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. मग खालून डॉली, म्हणजे हातात मावणारा पोलादी ठोकळा, धरून वरून हातोडीने प्रत्येक टाका ठोकायचा. या ठोकण्यामागचं शास्त्र साधं आहे: आगीने जे आखूड झालं ते हातोडीने पुन्हा लांब करायचं. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालतं, तेव्हा एकेका ठोक्याने धातू पसरतो आणि कडकही होतो. इथे तेच ज्ञान लागतं, फक्त ठोके जोडाच्या बारीक रेषेवरच पडायला हवेत. एक ठोका जास्त पडला की आखूडपणाच्या जागी फुगवटा येतो आणि तो उतरवायला पुन्हा आग लावावी लागते.

माझ्या मते खरी योग्य पद्धत वेगळी आहे: भोकाला हातच लावायचा नाही, छपराचा सगळा पत्राच बदलायचा. अखंड छपराच्या, पण अपघातात गेलेल्या ९११वरून काढलेला पत्रा वापरायचा किंवा नवा घ्यायचा. इथे जोड छपराच्या मध्यावर येत नाहीत. कारखान्याने जिथे जोडले होते तिथेच येतात, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या बाजूच्या पन्हाळीत आणि पुढच्या-मागच्या काचांच्या चौकटीत. त्या जागा अरुंद, घडीच्या आणि ताठ असतात. तिथली आग छपराच्या सपाट भागापर्यंत पोचत नाही.

अर्थात यासाठी गाडी बरीच उघडावी लागते. दोन्ही काचा काढायच्या, कारण ठिणग्या काचेवर कायमचे डाग पाडतात आणि काचेची कड हीच तर जोडाची जागा. अस्तर काढायचं, ते पेट घेतं. बॅटरी सोडायची. ९११ची पेट्रोलची टाकी पुढच्या झाकणाखाली असते हे विसरायचं नाही. दारांच्या चौकटीत आडवे पाइप तात्पुरते जोडून ठेवायचे, नाहीतर छप्पर सुटल्यावर बॉडी किंचित सरकते आणि मग दारं लागत नाहीत. मग स्पॉट वेल्डिंगचे जुने ठिपके शोधून काढायचे आणि खास कटरने फक्त वरचा पत्रा कापायचा, खालचा शाबूत ठेवायचा. ठिपके शेकड्यांनी असतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकेक ठिपका नीट सोडवला तर खालची कड वाचते आणि नवा पत्रा मूळ जागी बसतो.

या टप्प्यावर दोन विषारी गोष्टी समोर येतात. त्या काळच्या बॉड्यांमध्ये खांबांजवळचे सांधे अनेकदा शिशाच्या मिश्रधातूने भरलेले असत. त्यावर ग्राइंडर कधीही फिरवू नये, शिशाची धूळ शरीरात साचते. हलक्या आचेवर ते वितळवून पुसून काढायचं असतं. दुसरी गोष्ट जस्ताची. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात. म्हणजे जस्ताच्या थराच्या पत्र्याला वेल्डिंग करताना जस्ताची वाफ होणारच. ती छातीत गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. वेल्डरना हा ताप ओळखीचा असतो. जोडाभोवतीचं जस्त आधी घासून काढणं, वारा खेळता ठेवणं आणि चांगला मास्क घालणं एवढी काळजी पुरेशी असते, पण ती घ्यायलाच हवी.

सनरूफची चौकट निव्वळ झाकण पेलत नाही, भोकामुळे छपराची जी ताकद गेली तीही ती थोडी भरून काढते. म्हणून चौकट कापून काढायची आणि तिथे नुसता पातळ तुकडा जोडायचा, हा सगळ्यात वाईट सौदा. पूर्ण पत्रा घातला की पत्र्याचं स्वतःचं वळण आणि कडांची पकड ती जबाबदारी घेते. पत्रा कायमचा जोडण्याआधी क्लँपने धरून ठेवायचा, दोन्ही काचा त्यांच्या रबरासकट बसवून पाहायच्या, दारं उघडून-लावून पाहायची. काच वाकत नाही, त्यामुळे चौकट दोन-चार मिलिमीटरने चुकली असेल तर ती इथेच कळते. बसलं नाही तर पुन्हा सोडायचं.

हल्ली तिसराही मार्ग आहे, कार्बन फायबरच्या छपराचा. कॅलिफोर्नियातली ‘सिंगर’ ही कंपनी १९९०च्या आसपासच्या ९११ नव्याने घडवताना बॉडीचे बरेच भाग कार्बन फायबरचे वापरते. त्याआधी २००३मध्ये बीएमडब्ल्यूने ‘एम३ सीएसएल’ या १,३८३ गाड्यांच्या मालिकेला कारखान्यातूनच कार्बन फायबरचं छप्पर दिलं होतं. हे छप्पर वेल्डिंगने नाही तर चिकटद्रव्याने बसतं, म्हणून आगीने पत्रा वाकण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न दुसरा येतो. कार्बन फायबर उष्णतेने जवळजवळ पसरतच नाही, पोलाद पसरतं, आणि हा फरक चिकटद्रव्याच्या लवचीक थराला रोज सहन करावा लागतो. शिवाय कार्बन आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना भिडले तर पोलाद झपाट्याने गंजतं. मध्ये काचतंतूंचा पातळ थर देऊन त्यांना वेगळं ठेवावं लागतं. शर्यतीच्या गाडीला हे छप्पर शोभतं. रस्त्यावरच्या जुन्या गाडीला पोलादच बरं, असं मला वाटतं, कारण पोलाद पुढच्या दुरुस्तीला तयार असतं.

मूळपणाचा मुद्दा टाळून चालणार नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक संस्था ‘फिवा’ हिच्या तुरिन सनदेत बदल शक्यतो परतवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावेत असा आग्रह आहे. छप्पर बदलणं हा परतवता येण्याजोगा बदल नव्हे. ज्या गाडीच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत, किंवा जिचा मूळ रंग आणि मूळ पत्रा अजून शाबूत आहे, तिच्या छपराला कोणी कटर लावत असेल तर त्याला हात धरून थांबवावं. हजारोंनी बनलेल्या आणि आधीच दोनदा रंगवलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिथेही प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवावेत आणि गाडी विकताना काय केलं ते लपवू नये. सनरूफची गाडी मुळातच अखंड छपराची म्हणून खपवणं ही फसवणूक आहे.

जोड झाले की उरलेली कामं भराभर होतात. पन्हाळीत सीलंट भरायचं, प्राइमर आणि रंग चढवायचा, खांबांच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारायचं. सनरूफच्या गाडीचं अस्तर अखंड छपराला चालत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. मोटरची वायर तशीच लोंबत ठेवू नये, ती फ्यूजपाशीच सोडवावी. अस्तर लावण्याआधी छपराला आतून डांबरी पट्ट्या चिकटवाव्यात, नाहीतर एवढा मोठा सपाट पत्रा पावसात आणि वेगात ढोलासारखा घुमतो. वजन वाचवण्याच्या नादात काही जण या पट्ट्या गाळतात. ट्रॅकवर ते चालून जाईल, लांबच्या प्रवासात डोकं उठेल.

आणि काढलेलं सनरूफ भंगारात टाकू नये. चांगली मोटर, न झिजलेल्या तारा, न वाकलेलं झाकण आणि गंज नसलेली चौकट यांच्या शोधात असलेले मालक कमी नाहीत. त्यांना छप्पर कापायचं नसतं, आहे तेच चालू करायचं असतं. भाग नीट सोडवून, तारांना ग्रीस लावून, कोणत्या सालच्या गाडीतून काढले त्याची चिठ्ठी बांधून ठेवले, तर त्यातून दुसऱ्या एखाद्या ९११चं अडकलेलं झाकण पुन्हा सरकू लागतं.